मातीला जाण्याआधी: चिता, दाहिनी आणि स्मशानातले शब्द

आमच्या साताऱ्याकडं कुणी गेलं की निरोप येतो, "चार वाजता माती आहे." देह जाळायचा असतो, तरी शब्द ‘माती’च. मातीला जायचं, मातीवरनं आल्यावर आंघोळ करायची, मातीला कोण कोण आलं होतं ते विचारायचं. जाळणाऱ्या माणसांच्या तोंडी पुरण्याचा शब्द इतका मुरलाय की तो कुणाला खटकत नाही.

गॅसदाहिनीचा विषय पेपरात किंवा ग्रामसभेत निघाला की मात्र सगळ्यांना सगळंच खटकायला लागतं. परवा आईनं पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "आरं, त्या पेटीत घातल्यावर कुणाच्या अस्थी कुणाला मिळत असतील?" आई ब्याऐंशी वर्षांची आहे. हा प्रश्न तिनं स्वतःसाठी विचारला होता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. गल्लीत कुणी गेलं की सामान आणायला आणि सरण रचायला मी पंचवीसेक वर्षं जातोय. तरी त्या दिवशी तिला धड उत्तर देता आलं नाही. नंतर शोधलं, विचारलं, समजून घेतलं. ते सगळं इथं मांडतो.

जागेची नावं

संस्कृतात ‘श्मशान’, मराठीत ‘स्मशान’. यास्क या प्राचीन पंडितानं निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात या शब्दाची फोड ‘श्म-शयन’ अशी केली आहे. श्म म्हणजे शरीर, शयन म्हणजे निजणं. शरीर निजतं ती जागा. ख्रिस्ती दफनभूमीला इंग्रजीत सिमेटरी म्हणतात, तो शब्द ग्रीक भाषेतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ ‘निजण्याची जागा’ असाच आहे. एक जाळणारा, एक पुरणारा, आणि दोघांनाही शब्द सुचला तो अंथरुणाचा. मला हे फार मोलाचं वाटतं.

गावाकडचा शब्द मसणवटा. सरकारी कागदात दहनभूमी आणि दफनभूमी अशी दोन वेगळी नावं असतात, कारण दोन्हीसाठी जमीन वेगळी राखावी लागते. पाट्यांवरची नावं हळवी असतात: साताऱ्याजवळ संगम माहुलीला कैलास, सांगलीत अमरधाम, आणखी कुठं वैकुंठ. लिंगायत समाजाच्या जागेला रुद्रभूमी म्हणतात, मुसलमानांच्या जागेला कब्रस्तान. अजूनही काही गावांत एकाच नदीकाठी जातीजातीचे वेगळे दहनओटे आहेत. ‘एक गाव एक स्मशानभूमी’ हे सगळ्याच गावांत आधी व्हायला हवं होतं. तिथं तरी वेगळं बसायची काय गरज आहे?

तिरडी, विसावा, सरण, चिता

कळकाची किंवा बांबूची तिरडी सगळ्यांना माहीत असते. वाटेत ती एकदा खाली ठेवून खांदेकरी जागा बदलतात, तो विसावा. सरण आणि चिता आपण एकाच अर्थानं वापरतो, पण सरण रचणारी जुनी माणसं त्यात फरक करायची: रचलेली लाकडं म्हणजे सरण, त्यावर देह ठेवून अग्नी दिला की ती चिता. मंत्र म्हणून, विधीनं दिलेला अग्नी तो मंत्राग्नी आणि मंत्राशिवाय दिलेला तो भडाग्नी. वर्तमानपत्रात हे दोन शब्द दिसतात. भडाग्नी म्हणजे काही अपमान नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दाहिनी म्हणजे बंद भट्टी. ती विजेवर चालली तर विद्युतदाहिनी, गॅसवर चालली तर गॅसदाहिनी. काही ठिकाणी डिझेलवरचीही असते. पुढं मी नुसतं ‘दाहिनी’ म्हणेन.

लाकूड इतकं का लागतं?

एका दहनाला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागतं. म्हणजे जुन्या हिशेबानं आठ-दहा मण. देहाला खरोखर इतकी उष्णता लागते का? थोडं गणित करू, अवघड नाही.

माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साठ किलोच्या माणसात पस्तीसेक किलो पाणी. दहनातलं सगळ्यांत खर्चिक काम म्हणजे हे पाणी उडवून लावणं. एक किलो पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे सहाशे किलोकॅलरी उष्णता लागते. पस्तीस किलोला झाली एकवीस हजार. बऱ्यापैकी सुकं लाकूड किलोला साडेतीन हजार किलोकॅलरी देतं. म्हणजे हिशेबानं सहा किलो लाकडात पाणी उडालं पाहिजे! पुढं देहातली चरबी स्वतःच इंधनासारखी जळते.

सहा किलोच्या कामाला तीनशे किलो का? ज्यानं तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडाभर पाणी तापवलंय त्याला उत्तर ठाऊक आहे. निम्म्याहून जास्त जाळ हंड्याच्या बाजूनं वर निघून जातो. चितेला तर भिंतही नसते. उष्णता आभाळात जाते, वाऱ्याबरोबर जाते, ओट्याच्या फरशीत जाते. त्यात लाकूड ओलं असलं तर आधी लाकडातलं पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो, आणि नुकत्याच तोडलेल्या झाडात निम्म्या वजनापर्यंत पाणी असू शकतं. तीनशे किलो लाकडातली उष्णता घरगुती गॅसच्या सहा-सात सिलिंडरइतकी भरते. त्यातली बहुतेक वाया जाते.

एका पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या एका गावात नात्यातल्या माणसाच्या मातीला गेलो होतो. शेडचे पत्रे उडालेले, लाकूड ओलं. चौघांनी ताडपत्री धरली होती. तीन तास झाले तरी चिता धड धरेना, तेव्हा कुणीतरी दोन जुने टायर आणले आणि डिझेल ओतलं. तो काळा धूर आणि तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही. गेलेल्याचा मुलगा पाठ करून उभा राहिला होता. तेव्हापासून ‘लाकूडच हवं’ असं कुणी ठासून म्हणालं की मी आधी विचारतो, कोणत्या महिन्यात?

नदीकाठी आणखी एक अडचण असते. स्मशान पाण्याजवळ, म्हणजे गावातल्या सगळ्यांत खालच्या पातळीला. पूर आला की पहिलं पाणी तिथंच शिरतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माणसं पुरातही मरतात. तेव्हा जरा उंचावर चालू असलेली एक तरी दाहिनी तालुक्यात असावी, एवढं मागणं फार नाही.

‘मढं उठून बसतं’ म्हणतात ते खरं का?

लहानपणी आम्हाला यानंच भीती घातली जायची. त्यात तथ्याचा कण आहे, भुताचा नाही. उष्णतेनं स्नायूंमधली प्रथिनं आकसतात. तव्यावर टाकलेली मटणाची फोड आखडते तशीच ही क्रिया. त्यामुळं हात-पाय कोपरात, गुडघ्यात वाकतात, कधी धड किंचित उचलल्यासारखं दिसतं. छातीवर आणि मांड्यांवर जड ओंडके ठेवायची रीत आहे ती यासाठीच. सरण रचणाऱ्या माणसांना याचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण कोणता ओंडका कुठं ठेवायचा ते पक्कं माहीत होतं.

दाहिनीच्या आत काय होतं?

उघडी चूल आणि कुंभाराची बंद भट्टी यांत जो फरक, तोच चिता आणि दाहिनीत. आतून उष्णता धरून ठेवणाऱ्या खास विटांचं अस्तर असतं. आतलं तापमान साधारण ७५० ते ९५० अंश सेल्सिअस. देह आत गेला की आधी पाणी उडतं, मग मऊ भाग जळतो, शेवटी हाडं उरतात. याला एक ते दोन तास लागतात. चांगल्या दाहिनीत धूर दुसऱ्या कप्प्यात नेऊन पुन्हा जाळतात, मग पाण्याच्या फवाऱ्यातून धुतात आणि तीसेक मीटर उंच चिमणीतून सोडतात.

मग सगळीकडं विद्युतदाहिनीच का बसवत नाहीत? तापायला तिला फार वेळ लागतो, म्हणून ती विझू न देता गरम ठेवावी लागते. मुंबई-पुण्यात दिवसभर काम असतं, तिथं ते परवडतं. आपल्याकडच्या गावात आठवड्याला एखाददुसरं मयत. त्यासाठी भट्टी आठवडाभर गरम ठेवणं म्हणजे एका माणसाच्या चहासाठी हॉटेलची शेगडी दिवसभर पेटती ठेवण्यासारखं आहे. गॅसची भट्टी लवकर तापते आणि लवकर बंद करता येते, म्हणून लहान शहरांसाठी ती जास्त सोयीची.

आत काय जाऊ द्यायचं नाही, हे घरच्यांनी नीट ऐकावं. नारळ नको, बंद भट्टीत तो फुटतो. प्लॅस्टिकच्या माळा, काचेच्या बाटल्या, नायलॉनची साडी नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेसमेकर. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या या यंत्रात लिथियमची बॅटरी असते. ती तापून स्फोट होतो. भट्टीचं नुकसान होतं आणि जवळ उभ्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. चितेतही तो फुटतोच. तेव्हा पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्यायचा आणि तिथल्या माणसाला सांगायचं. मोडक्या हाडात बसवलेली सळई, गुडघ्याची वाटी यांनी काही धोका नसतो. त्या धातू वितळण्याइतकी आच तिथं नसते, त्या राखेत तशाच सापडतात.

अस्थी आपल्याच कशावरून?

आता आईच्या प्रश्नाकडं येतो. आधी दोन शब्द वेगळे करू. अस्थी म्हणजे हाडं. राख, किंवा आदरानं रक्षा, म्हणजे जळून उरलेली भुकटी. हाडांत मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते जळत नाही. हाडाला चिवट ठेवणारा सेंद्रिय भाग तेवढा जळून जातो आणि पांढरे, ठिसूळ, खडूसारखे तुकडे उरतात. मोठ्या माणसाचे हे तुकडे दोन-तीन किलो भरतात.

चितेखालची जी रास आपण सावडतो, तिच्यात बरीचशी राख लाकडाची असते. देहाच्या राखेपेक्षा लाकडाचीच जास्त. दाहिनीत लाकूड नसल्यामुळं जे उरतं ते जवळजवळ सगळं त्या माणसाचंच असतं. ‘दाहिनीत अस्थी मिळत नाहीत’ हा समज म्हणूनच अगदी उलटा आहे. परदेशात हे तुकडे यंत्रात दळून बारीक पूड करून देतात, तेव्हा ओळखू येईल असं काही उरत नाही. आपल्याकडं तसं करत नाहीत. तुकडे तसेच मिळतात.

अदलाबदलीचं म्हणाल तर भट्टीत एका वेळी एकच देह जातो आणि पुढचा जाण्याआधी आतलं सगळं ओढून बाहेर काढतात. विटांच्या फटीत चिमूटभर राहतच असेल. पण ज्या ओट्यावर वर्षानुवर्षं चिता पेटल्या, तिथल्या फरशीच्या फटींत काय असतं? खरी चूक होऊ शकते ती मडक्यावर नाव घालताना. तेव्हा घरच्या एका माणसानं तिथं थांबावं, मडक्यावर नाव आणि तारीख स्वतःच्या हातानं लिहावी. यापेक्षा मोठी खात्री कुठलंही यंत्र देणार नाही.

सावडायचा विधी तिसऱ्या दिवशी असतो, कारण रास निवायला तेवढा वेळ लागतो. दाहिनीतून अस्थी त्याच दिवशी मिळतात. पण तिसरा दिवस पाळायला कुणी आडवं येत नाही. मडकं नाव घालून तिथंच ठेवून घेतात का, हे आधी विचारून ठेवायचं.

धर्माला चालतं का?

धर्मशास्त्रावर बोलायचा माझा अधिकार नाही. मी फक्त पाहिलेलं सांगतो. पाणी पाजणं, प्रदक्षिणा, मडकं फोडणं, मंत्राग्नी, हे सगळं दाहिनीच्या दाराशी होतं. मुलगा किंवा मुलगी देहाशी कापूर लावून अग्नी देते आणि मग देह आत जातो.

आणि जागा परकी पडली म्हणून विधी अडत नाहीत, याचा एक दाखला आपल्या शेजारचाच आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस वर्षांचं. सोबतच्या लोकांनी तिथं काय शोधलं? संगम. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात तिथं त्यांना अग्नी दिला. त्या वेळी युरोपात देह जाळणं जवळपास कुणालाच ठाऊक नव्हतं. इंग्लंडमधलं पहिलं अधिकृत दहन १८८५ साली वोकिंगला झालं आणि कॅथलिक चर्चनं दहनाला परवानगी दिली ती १९६३ मध्ये. आज फ्लॉरेन्समध्ये महाराजांची छत्री उभी आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमाऐवजी आर्नो-मुन्योने, एवढाच फरक.

शेणी हा मधला रस्ता

लाकूड नको आणि भट्टीही नको, अशांसाठी कोल्हापूरनं जुना मार्ग टिकवून धरलाय: शेणी, म्हणजे गोवऱ्या. तिथं होळीच्या सुमारास ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ असं आवाहन होतं आणि जमलेल्या शेणी स्मशानात जातात. शेणी सारख्या आकाराच्या, वाळलेल्या, मध्ये हवा खेळेल अशा रचता येतात, त्यामुळं झाड तोडावं लागत नाही. राख मात्र जास्त पडते. आणि पावसाळ्यासाठी साठवायला कोरडी खोली लागते. नाहीतर टायर आहेतच.

पुरणारे शेजारी

हिंदूंमध्ये सगळेच जाळतात असं नाही. दात न आलेलं मूल पुरतात. लिंगायत समाज देहाला बसलेल्या स्थितीत, हातात इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचं छोटं लिंग, देऊन पुरतो. गोसावी आणि नाथपंथी यांच्यातही दफन आहे, त्यालाच समाधी देणं म्हणतात. ‘समाधी’ या एका शब्दाचे म्हणूनच दोन अर्थ झालेत: देह जिथं पुरला ती जागा, आणि देह जिथं जाळला तिथं बांधलेलं स्मारक. संगम माहुलीला १७४९ साली वारलेल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे आणि ताराराणींचीही, त्या दुसऱ्या अर्थानं. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचंही स्मारक तिथं दाखवतात.

कबर म्हणजे पुरलेली जागा. ती एखाद्या संत पुरुषाची असली आणि लोक दर्शनाला येऊ लागले की तिला मजार म्हणतात, भोवतीच्या सगळ्या वास्तूला दर्गा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पासून विसावलेत, त्यांची ती कबर. आपल्याकडच्या कबरी दक्षिणोत्तर का असतात? देह उजव्या कुशीवर ठेवून तोंड काब्याकडं, म्हणजे आपल्या इथून पश्चिमेकडं करायचं असतं. मग डोकं आपोआप उत्तरेला येतं.

राख नदीत की वावरात?

आमच्या भागात बरेच जण आता रक्षा नदीत न सोडता वावरात नेतात आणि तिथं आंबा किंवा नारळ लावतात. मला ही रीत मनापासून आवडते. फक्त एक काळजी घ्या. ही राख खारट आणि चुनखडीसारखी असते. सगळी एका खड्ड्यात ओतून त्यावर रोप लावलं तर मुळं करपतात. भरपूर मातीत आणि शेणखतात मिसळा, थोडी बांधावर पसरा. बापाच्या नावानं लावलेलं झाड सहा महिन्यांत वाळलं, म्हणून खचलेला माणूस मी पाहिलाय.

कागदाचं काम

रडं ओसरलं की हे समोर येतं. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, तो नमुना ४ अ. दवाखान्यात झाला तर नमुना ४ तिथूनच मिळतो. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही. स्मशानातली दहनाची पावती जपून ठेवा. १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद व्हायला हवी. एक वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं.

आणि आमच्याकडची नेहमीची चूक: नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते, माणूस जिथला तिथं नाही. पुण्याच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाची माती कोरेगावात झाली तरी दाखला पुण्याचाच. लोक ग्रामपंचायतीत महिनाभर खेपा घालतात.

हे सगळं आईला दोन संध्याकाळी सांगितलं. लाकडाच्या गणिताशी ती अडखळली, पण चुलीचं उदाहरण लगेच पटलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चालंल मला पेटीत. पण सावडायला तिसऱ्या दिवशीच या. आणि मडक्यावर नाव तूच लिही, दुसऱ्याला लिवू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून तिच्या पेसमेकरचं कार्ड काढलं, नातवाला बोलावलं आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: ‘हे आधी काढायचं.’ कार्ड परत आधार कार्डाच्या मागं ठेवलं आणि वाटाणे सोलायला बसली.